वाक्य ज्याचं, शेवट त्याचा

फाटकी पुस्तकं शिवून, खळ लावून, नवा पुठ्ठा चढवून परत उभी करणं हा माझा धंदा. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. हा धंदा निवडला, कारण पुस्तकं मला काही विचारत नाहीत. माझी जीभ लहानपणापासून अडखळते. वाक्य मी सुरू करतो, संपवतं दुसरंच कुणी. कॉफी आवडते, पण 'क'वर गाडी अडते, म्हणून जन्मभर मुकाट चहा पितोय.

वाक्यं संपवण्यात सगळ्यात तरबेज माझी बायको. मागणी घालताना मी "तू माझ्याशी ल..." इथवर पोचलो आणि ती म्हणाली, "लग्न? करते की." एका अक्षरावर संसार उभा राहिला. सुखाचा आहे, नाही म्हणत नाही. पण तो प्रश्न आपण विचारलाच नाही, हे मात्र मनात सलत राहिलं.

मग ग्रंथपालबाईंनी शेजारच्या खोलीत अपंगांचा गट सुरू केला. मलाही बोलावलं. मी ठणकावून नकार दिला, म्हणजे मान हलवली. मी कुठला अपंग? पण दर शनिवारी भिंतीपलीकडून इतका हशा यायचा की माझी शिवण वाकडी जायला लागली. शेवटी तक्रार करायला गेलो. तक्रार पुरी व्हायला इतका वेळ लागला की तोवर मला खुर्ची मिळाली होती.

गट चालवायच्या एक टेलिफोन ऑपरेटर मावशी. त्यांना दिसत नाही. त्यांचा नियम एकच : वाक्य ज्याचं, शेवट त्याचा. मला तहान लागली होती. नेहमीप्रमाणे "मला प..." म्हणून थांबलो. कुणी हललं नाही. चाकाच्या खुर्चीतले काका पाण्याची बाटली मांडीवर घेऊन माझ्याकडे प्रेमानं बघत राहिले. असा संताप आला म्हणून सांगू. रागाच्या भरात "पाणी द्या" असं पुरतं बोलून गेलो. काकांनी बाटली पुढे केली. पुढच्या शनिवारी मी आपणहून गेलो.

काही महिन्यांनी गटानं अभिमानाची संध्याकाळ ठरवली. घरच्यांसमोर प्रत्येकानं काहीतरी बोलायचं. मी विचारलं, अभिमान कसला, अडखळण्याचा?

मावशी म्हणाल्या, "या काकांना पायऱ्या चढता येत नाहीत. ते लाजले का? पायऱ्या बांधणाऱ्यांनाच लाजवून उतार बांधून घेतला. तू अडतोस तेव्हा घाई ऐकणाऱ्यांना असते. लाजायचं तर त्यांनी लाजावं."

त्या संध्याकाळी बायको पहिल्या रांगेत, मावशींच्या शेजारी बसली होती. वाचायला आणलेलं पान मी खिशात ठेवलं. म्हटलं, माझी एक जुनी मागणी अर्धी राहिलीय, ती पुरी करतो.

"तू माझ्याशी ल..."

आणि अडलो. बायकोचे ओठ हलले. मावशींनी न बघता नेमका तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं स्वतःचं तोंड दाबून धरलं. पंख्याचा आवाज येत होता. माझी मान ताठ झाली, डोळे मिटले, चेहरा वाकडा झाला असणार. होऊ दे म्हटलं. एवढी माणसं माझ्या एका शब्दासाठी थांबली होती आणि कुणालाच घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या थांबण्याची लाज वाटली नाही.

"...लग्न करशील का?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी तर चाकावर ताल धरला. बायकोनं तोंडावरचा हात काढला. तिचे डोळे भरले होते.

"मी..." म्हणाली आणि तिचाच आवाज अडकला.

पुढचा शब्द मला ठाऊक होता. अगदी जिभेवर होता, आणि कधी नव्हे ती जीभही मोकळी होती. पण नियम म्हणजे नियम. मी ओठ घट्ट मिटले आणि थांबलो. सगळी खोली थांबली.

तिनं डोळे पुसले, पर्स सावरली.

"मी विचार करून सांगते," ती म्हणाली.