खाकी कागदाची करंजी

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे, आणि तोही नेढे तुटलेला. तोंड लपवावे असे माझ्या हातून एकदा घडले. तेच आज सांगतो.

तिसगावच्या बाजारात भागूबाई मला घेऊन धान्याची पोती शिवत असे. एका जाड शिवणीत मी अडकलो. तिने हिसका दिला आणि माझे नेढे वरून फुटले. दोन शिंगे तेवढी उरली. "ह्यो गेला कामातनं," म्हणून तिने मला कोनाड्यात टाकले. तिथे मी शरमेने गंजत पडलो.

तिच्या मुलीने, पुष्पावतीने, मला उचलले. बहात्तरचा दुष्काळ हटत नव्हता आणि तिचे लग्न ठरले होते. रुखवतात करंज्या हव्यात, घरात तर रेशनवरच्या मिलोचे, म्हणजे परदेशी लाल ज्वारीचे, नुसते पीठ. ती म्हणाली, "आये, कागदाच्या करू. मांडायच्याच हायेत की."

किराण्याच्या पुड्यांचा खाकी कागद तिने सारख्या रुंदीच्या पट्ट्यांत कापला आणि पट्टीला पट्टी जोडली. टोक माझ्या शिंगांत अडकवायचे नि मला फिरवायचे. पहिली गुंडाळी तिने इतकी आवळली, की ती माझ्यावरून निघेना. मग ती हात सैल सोडायला शिकली. गुंडाळी लहान बांगडीत ठेवली, की तेवढीच उलगडे. त्यामुळे सगळ्या एका मापाच्या होत. शेवटाला खळीचा ठिपका, तोही माझ्या टोकाने, कारण खळ जास्त झाली तर कागद भिजून बसतो. मग दोन्ही बाजूंनी चिमटा. झाली करंजी! एकाच बाजूने चिमटली तर थेंबाचा आकार होतो, पण थेंब कोणाला हवा होता?

"अगदी खऱ्यावानी दिसत्यात," भागूबाई म्हणाली. मी तर फुगून गेलो.

लग्नाच्या दिवशी मी रुखवतामागच्या चादरीत खोचलेला होतो. नवऱ्या मुलाची आजी गोजरबाई उन्हातून बैलगाडीने आली होती. पोटात काही नाही आणि डोळ्यांनी अधू. कोणी काही म्हणायच्या आत तिने ताटातली एक करंजी उचलून तोंडात घातली. वऱ्हाडातले कोणीतरी फिसकन हसले. पुष्पावतीचा चेहरा पांढराफटक पडला. आता सोयरे जन्मभर नावे ठेवणार, हे तिला कळून चुकले.

म्हातारीचा जबडा क्षणभर थांबला. तिला कळले होते. तरी ती चावत राहिली, घास गिळला आणि मोठ्याने म्हणाली, "लई झ्याक झाल्यात गं पोरी. जरा कोरड्या हायेत, पन साल बी कोरडंच हाय."

पुष्पावतीची लाज राखली गेली, मी मात्र मेल्याहून मेलो. एका भुकेल्या बाईला मी कागद खाऊ घातला, आणि वर तिनेच सांभाळून घेतले.

पुष्पावती मला सासरी घेऊन गेली. पाऊसपाणी झाल्यावर घरात तळलेली पहिली करंजी तिने आजेसासूच्या हातावर ठेवली. कागदाच्या करंज्या ती आजही करते, शेजारणींना शिकवते, पण खाकी कागदाला हात लावत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा मोडका दाभण फेकू नका. पट्ट्या खुशाल गुंडाळा, सैल हाताने गुंडाळा. फक्त करंजी कराल तेव्हा कागद निळा घ्या. निळी करंजी कोणी भुकेने उचलत नाही.