बॉनेटवर ठेवलेला हात

राजवर्धनच्या गाडीभोवती अर्धं कुंडल गाव जमलं होतं. हलगी कडकडत होती. गाडीच्या काचा पिवळ्या कापडानं झाकल्या होत्या आणि किल्ली सिद्धू महाराजांच्या ताटात हळदीकुंकवात लोळत होती.

"आत मानूस न्हाई, किल्ली भाईर!" महाराज ओरडले. "पर ज्यानं करणी केलीया त्याचा हात लागू द्या, गाडी आपनहून बोलंल!"

मी राजवर्धनची थोरली बहीण, लोणंदच्या शाळेत विज्ञान शिकवते. पायरीवर बसून मी हे सगळं बघत होते. भाऊ गेल्यापासून मला काही वाटेनासंच झालं होतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. कुणी चहा दिला की प्यायचा, ऊठ म्हटलं की उठायचं.

ऐन थंडीत, भल्या पहाटे त्याच्या छातीत कळ आली आणि गाडी सुरूच होईना. सगळे तिच्याशी खटपट करत बसले. दुसरी गाडी मिळून सांगलीला पोचेपर्यंत तो संपला होता. नंतर मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, तर वायरी कुरतडलेल्या आणि कोपऱ्यात उंदराचं घरटं. त्यानं नव्या वायरी घातल्या, गाडी सुरू झाली. खरं तर विषय तिथंच मिटायचा. पण आई म्हणाली, "आळीत येवढ्या गाड्या हायती, उंदरांना माझ्याच लेकाची बरी गावली?" मग कुणीतरी महाराजांना आणलं. हे उंदीर मूठ मारून पाठवलेत, असं त्यांनी बघताक्षणीच सांगून टाकलं. सांगायला त्यांचं काय जातंय!

आता घरातल्या एकेकानं येऊन बॉनेटवर हात ठेवायचा होता. आमच्या बाळासोकाकांनी ठेवला, महाराज "हं, पुढं" म्हणाले. आईनं ठेवला, "हं, पुढं." मग राजवर्धनची बायको स्वप्नाली आली. तिच्या वेळी मात्र महाराजांना भलता मोठा मंत्र आठवला. खंडोबापासून सात आसरांपर्यंत सगळ्या देवांना हाका मारून झाल्या, तरी ते तिला हात काढू देईनात. आणि अचानक रिकाम्या गाडीचं इंजिन गुरगुरलं.

गर्दी मागं सरकली. आई किंचाळली, "माझ्या पोराला खाल्लंस गं!"

"दिस मावळायच्या आत हिला म्हायेरी घालवा," महाराज म्हणाले, "न्हाईतर ह्या घरातलं आनखी एक जाईल."

स्वप्नाली माझ्याकडं वळली. "वन्सं, म्या काय केलं न्हाई वो."

तेव्हाही मला काही वाटलं नाही. पण मन बधिर झालं तरी डोकं चालू असतं. गाडी नवी असताना राजवर्धननं मला कराडला नेलं होतं. वाटेत इंजिन गप्प झालं, तशी मी घाबरले. तो हसला. "अक्का, ही हायब्रीड हाय. बॅटरी भरलेली असली की इंजिन झोपतं. उतरली की आपलं आपन उठतं."

एव्हाना इंजिन पुन्हा गप्प झालं होतं. मी पायरीवरून उठले.

"महाराज, तुमचा हात राहिला."

"आमी देवाची मानसं. आमाला कशाला?"

"ठिवा की महाराज," बाळासोकाका म्हणाले. "भ्या कशाचं?"

महाराजांनी बोट टेकवलं आणि काढलं.

"असं नाही. स्वप्नालीच्या वेळचा सगळा मंत्र म्हणा. हात काढायचा नाही."

इंजिन लगेच उठणार नाही, हे मला ठाऊक होतं. मला कुठं घाई होती! महाराजांचे देव संपले, ते पुन्हा खंडोबावर आले, आवाज बारीक होत गेला. आणि त्यांच्या तळव्याखाली इंजिन गुरगुरलं. तापल्या तव्याला लागावा तसा त्यांनी हात मागं घेतला.

"म्हंजी करणी म्हाराजांची व्हय रं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मी कापड ओढून काढलं. आतले दिवे चालू, एसी पूर्ण जोरात. सकाळी 'गाडीचं तोंड पूर्वेला करतो' म्हणून महाराजांच्या चेल्यानं ती हलवली होती आणि तशीच चालू ठेवली होती. ही गाडी बटणावर सुरू होते, मग किल्ली बाहेर नेली तरी चालूच राहते. एसीचा आवाज हलगीत बुडाला. बॅटरी उतरेपर्यंत मंत्र लांबवला की झाला चमत्कार.

मग मी बॉनेट उघडलं. गाडीच्या रक्षणासाठी महाराजांनी आठवड्यापूर्वी आत कणकेची बाहुली, भात आणि गूळ ठेवला होता. बाहुलीचं डोकं खाऊन झालं होतं आणि भोवती ताज्या लेंड्या पडल्या होत्या.

बाळासोकाका वाकून बघत राहिले. "गाडी बंद पडली त्याच आठवड्यात कडंचा उसाचा फड तुटला व्हता. फड मोकळा झाला की उंदरं घराकडं येत्यात, ह्ये आपल्याला ठावं न्हाई व्हय?"

"आणि गाडीत ऊब असते, काका. शेजारी कडब्याची गंज."

गंज लांब हलवायची, गाडीला खालून बारीक जाळी बसवायची, खाण्याचं काही आत ठेवायचं नाही आणि थंडीत अधूनमधून बॉनेट उघडून बघायचं. गाडी राखायला एवढं पुरतं. छातीत कळ आली तर गाडीशी झटत न बसता आधी रुग्णवाहिका बोलवायची. आणि कुणा बाईला घराबाहेर काढण्याआधी जरा थांबून कारण शोधायचं. मी एवढंच सांगितलं. महाराज तोवर पसार झाले होते.

आई पायरीवर बसली होती. "मग माझं पोरगं येवढ्याशा उंदरापायी गेलं?"

"हृदयविकारानं गेला, आई. उंदरांनी उशीर केला, थोडा आपणही केला."

"मग म्या शिव्या कुनाला दिऊ?"

स्वप्नालीनं पुढं होऊन आईच्या खांद्यावर शाल टाकली.

"आत चला आत्याबाई. गारठा लय हाय."

आईनं तिच्याकडं बघितलं. मग तिचाच आधार घेऊन उठली.