चेंडू नसलेली बाजू

“मॅडम, तो स्टँड काढा आधी,” कंपनीचा माणूस म्हणाला.

मावशींनी मान वर केली नाही. त्या पकडीचा स्क्रू आवळत होत्या. स्टँड कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला. एरवी त्याला लंबक टांगत. तिथलं सामान सांभाळणं ही मावशींची नोकरी, आणि त्या स्टँडला फोन अडकवून मुलींच्या हँडबॉलचे सामने लोकांना थेट दाखवणं हा सुट्टीचा उद्योग. भाची गोलकीपर, शिकायला त्यांच्याकडेच राहिलेली. तिचं ऐकून अख्खा संघ त्यांना मावशी म्हणू लागला, आणि हळूहळू प्राचार्यसुद्धा.

“का काढू?”

“सगळ्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क आता आमचे. प्राचार्य बोलले नाहीत?”

“बोलले. तुमचा कॅमेरा कुठे दिसत नाही तो?”

“तो मुलांच्या फुटबॉलला. हे कोण बघणार?”

“माझ्याकडे चारशे जण बघतात.”

“चारशेंवर जाहिरात येत नाही, मॅडम.”

“म्हणजे स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही.”

“करार आहे.” माणूस तसा उर्मट नव्हता, थकलेला होता. “ऐकलं नाहीत तर संघ बाद होईल. आयोजकांशी बोलणं झालंय.”

मावशींनी फोन पकडीतून सोडवला. रिकामा स्टँड गॅलरीत तसाच उभा राहिला.

त्यांच्या चित्रणात कौशल्य असं काही नव्हतं. पकड वळत नसे, त्यामुळे सगळं मैदान एकाच चौकटीत बसवावं लागे आणि माणसं बोटाएवढी दिसत. पण चेंडू एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाची मुलगीही दिसत राही. आया त्याचसाठी बघत. पोरगी लंगडतेय का, रागावलीय का, वेणी सुटलीय का, हे चेंडूमागे धावणारा कॅमेरा कधी दाखवत नाही.

भाची कठड्याखाली आली. “काय म्हणतोय?”

“दाखवलं तर संघ बाद.”

“आणि बोललं तर?”

“ते नाही बोलला तो.”

“मग आईला फोन लाव. नुसतं सांगत राहा.”

“अगं, हा तुमचा यंदाचा शेवटचा सामना. त्यावरून बाद केलं म्हणजे?”

“केलं तर केलं. इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि आता लपून खेळायचं होय?” तिनं मागे वळून कर्णधाराकडे पाहिलं. कर्णधारानं खांदे उडवले आणि बुटाची नाडी बांधली. ठरलं.

मावशींनी बहिणीला फोन लावला. बहिणीचं दूरगावी शिवणाचं दुकान होतं. तिथं पाच-सहा बाया मशीनवर बसत.

“चित्र का गं नाही?”

“विकलं गेलं. ताई, स्पीकर लाव, मी सांगते.”

मावशींचं सांगणंही प्रयोगाच्या नोंदीसारखं. “सात नंबरनं डावीकडून मारला. कोन कमी होता, बाहेर गेला.” वाहवा नाही, आरडाओरडा नाही. पलीकडे मशीनची घरघर चालू असे; चेंडू आपल्या गोलपाशी आला की एकेक मशीन थांबे. मावशींना ते ऐकू येई, आणि त्या आणखी सावकाश बोलत.

उत्तरार्धात तो माणूस पुन्हा शेजारी येऊन उभा राहिला. “मॅडम, वर्णनही हक्कात येतं.”

“बहिणीशी बोलतेय.”

“पलीकडे स्पीकर आहे. मला ऐकू येतंय.”

“मग तुम्हीच सांगा तिला.” मावशींनी फोन त्याच्या हातात दिला. “तिची मुलगी गोलमध्ये आहे. म्हणा, सांगणार नाही.”

त्यानं फोन कानाला लावला. “हे बघा, बाई...”

“कोण, साहेब का? साहेब, आमची पोरगी काय करतेय हो आत्ता?”

चेंडू पार पलीकडे होता. त्याची नजर आपसूक अलीकडच्या गोलकडे गेली. “उभी आहे,” तो म्हणाला. मग, “नाक खाजवतेय.”

पलीकडे बायांचं हसू फुटलं. त्यानं घाईनं फोन परत केला. संघ बाद करायला तो कुणाकडे गेला नाही. मात्र सामना संपल्यावर दारात त्यानं मावशींचा गॅलरीचा पास मागून घेतला. पुढच्या वर्षीपासून प्रेक्षकांचे फोनही दारात जमा होणार होते.

“हे वरून आलंय, मॅडम.”

“वरच्यांना सांगा, मी हॉलच्या खिडकीबाहेर उभी राहून सांगेन. रस्ता अजून कुणी विकलेला नाही.”

सामना एका गोलनं गेला होता.  परतताना प्रयोगशाळेच्या वळणावर भाचीनं विचारलं, “शेवटचा गोल... आईला काय सांगितलंस?”

“जे झालं ते. उडी उशिरा पडली म्हणून सांगितलं.”

“जरा सांभाळून नाही सांगायचं?”

“नाही.”

भाचीनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “मग ती काय म्हणाली?”

“म्हणाली, पण मारली ना उडी.”