उजवीकडचं कोरं पान

या हो, असे दाराशी काय उभे? सतरंजी मोठी आहे, पुढं सरकून बसा. आज देवादिकांचं आख्यान नाही, आपल्याच जबलपूरच्या एका साहेबाची गोष्ट सांगायची आहे. पण नर्मदामाई तिच्यात आहे, म्हणून हात जोडून ऐकलीत तरी चालेल.

साहेबांचं नाव हेमचंद्र. जिल्हा शिक्षण अधिकारी, निवृत्तीला चार महिने उरलेले. एका सोमवारी ते बरगीकडं निघाले ते एका तक्रारीपायी. धरणाकाठच्या शाळेत समिधा नावाची कंत्राटी शिक्षिका होती. तिचा एकही धडा पुरा होत नाही, असं कुणीतरी कळवलेलं. सोबत मुलांच्या वह्यांचे फोटो: डावं पान भरलेलं, उजवं कोरं. साहेबांचा शेरा वाईट पडला की पुढच्या वर्षी तिला काम नाही.

"सर, सहीसाठी इतक्या दूर काहून जाऊन राहिलो आपण?" गाडी हाकता हाकता बळीरामनं विचारलं. "सही तर ऑफिसातबी होते."

"कोरं पान पाहिलं की मला चैन पडत नाही, भैया."

आणि ते खरंच होतं. साहेब बारा वर्षांचा हेमू होते, तेव्हा शहरातल्या मराठी शाळेत भानुमतीबाई शिकवायच्या. कीर्तनकाराची लेक! भूगोलसुद्धा गाऊन सांगायच्या. पूर्वरंग संपला की बुवा थांबतात, श्रोत्यांना बुक्का लावतात, तशा बाई ऐन रंगात थांबायच्या. खडूची पूड बोटावर घेऊन एकेकाच्या कपाळाला लावायच्या आणि म्हणायच्या, "पूर्वरंग माझा झाला, उत्तररंग तुमचा." वहीचं उजवं पान त्यासाठी कोरं. घरी हेमूची आई ओरडायची, "रोज कपाळाला चुना फासून येतोस काय रे!"

तेव्हा बरगीचं धरण बांधलं जात होतं. बाईंनी नर्मदा गायली आणि थांबल्या. "पाणी चढेल. मग काठच्या गावांतली पोरं कुठं शिकतील?" प्रश्न सोडून कुणी लिहिलं वीज येईल, कुणी लिहिलं कालवे येतील. हेमू वर्गात पहिला, चुकण्याची भारी धास्ती. त्यानं काहीच लिहिलं नाही. बाई रागावल्या नाहीत. "राहू दे कोरं. सापडलं की लिही, मला दाखव." पुढच्या चैत्रात बाई तापानं गेल्या. दाखवायचं कुणाला?

शाळेत पोचल्यावर साहेब मागच्या भिंतीशी बसले. समिधानं बादलीत सुई टाकली. सुई बुडाली. "आता सांगा, लोखंडाची सुई बुडते, मग लोखंडाची नाव कशी तरंगते?" तेवढ्यात घंटा झाली आणि ती म्हणाली, "बाकी कल!"

वर्गानं एकच गिल्ला केला. दोन वेण्यांची एक पोर साहेबांकडं वळली. "सर, आपको पता है?"

"पता है."

"तो बताना मत!"

मुलं पांगल्यावर समिधा समोर आली. "धडे अर्धे राहतात सर, खोटं नाही बोलणार. ही पोरं बापाबरोबर मासे धरायला जातात. सगळं सांगून टाकलं तर उद्या पाचच येतात. अर्धं ठेवलं की सारी येतात, रस्त्यानं भांडत येतात." तिनं जुन्या वह्या पुढं केल्या. उजवी पानं भरलेली होती: खोडलेली, पुन्हा लिहिलेली, होड्यांची चित्रं काढलेली. काही अजून कोरीच.

साहेबांना आपण स्वतः लिहिलेला आराखडा आठवला. 'भविष्यासाठी विद्यार्थी घडवताना', चाळीस पानं, गेल्याच महिन्यात भोपाळला पाठवलेली. पोरांनी उद्या काय करायचं ते सगळं त्यात होतं. पोरांना लिहायला मात्र एक ओळ सोडली नव्हती.

ती वेण्यावाली पोर दप्तर घ्यायला परत आली. "घर कुठं गं तुझं?" साहेबांनी विचारलं. तिनं टेकडीवरची वस्ती दाखवली, मग पाण्याकडं बोट केलं. "पहले वहाँ था. दादाजी का."

साहेबांनी तिच्या बोटामागं पाण्याकडं पाहिलं. मग त्यांनी तपासणीचा कागद काढला. 'अभ्यासक्रम पूर्ण आहे का?' समोर खरं तेच लिहिलं: नाही. खाली आपल्या हातानं आणखी लिहिलं, 'मुलं दुसऱ्या दिवशी परत येतात. या बाईंना काढू नये. कुणी विचारलं तर जबाबदारी माझी.' सही केली. निघताना फळ्याखालची पूड बोटावर घेतली.

"सर, कपाळाला चुना लागला," बळीराम म्हणाला.

"असू दे."

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून ती वही काढली. पिवळ्या पडलेल्या उजव्या पानावर लिहिलं, 'बाई, पोरं पाण्याच्याच काठी शिकतात. अर्धा धडा ऐकायला टेकडी उतरून येतात.' जूनमध्ये समिधाला पुन्हा त्याच शाळेचं पत्र मिळालं.

बास, इतकीच गोष्ट. आता नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाल, द्रोणात दिवा ठेवून पाण्यावर सोडाल, तेव्हा घरच्यांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा आणि आमच्या भानुमतीबाईंची आठवण काढा.