पेरोनेलची साक्ष

राजा शिकारीत घोड्यावरून पडून वारला, तेव्हा त्याची मुलगी एर्मीन बारा वर्षांची होती. मी पेरोनेल, तिची दाई. माझी स्वतःची मुलगी आठव्या दिवशी गेली आणि तिच्या वाटचं दूध एर्मीनने प्यायलं. तेव्हापासून बारा वर्षं ती माझ्याच खोलीत झोपत होती.

राजाला मुलगा नव्हता. फ्रान्सच्या गादीवर तोवर बाई कधी बसली नव्हती, पण बसू नये असं कुठे लिहिलेलंही नव्हतं. गादी राजाच्या धाकट्या भावाला, काउंट आंसोला हवी होती. बाईला वारसा नाही असं म्हणायची त्याची सोय नव्हती, कारण त्याची निम्मी जहागीर बायकोला माहेरच्या वारशाने मिळालेली. म्हणून त्याने दुसरी वाट धरली. एर्मीनच्या आईवर व्यभिचाराचा आरोप आला होता आणि ती किल्ल्यात कोंडलेली असतानाच वारली होती. आंसो सरदारांना विचारत सुटला, "ही पोरगी माझ्या भावाचीच कशावरून?"

ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. मी. एर्मीन पोटात राहिली त्या हिवाळ्यात आम्ही सगळे डोंगरातल्या किल्ल्यात बर्फाने अडकलो होतो. तीन महिने वर कोणी आलं नाही, खाली कोणी गेलं नाही. राणीच्या दालनात राजाखेरीज पुरुष आला नाही. मी तेव्हा राणीची दासी, तिच्या दाराशीच झोपायचे.

वारस ठरवायला सरदारांची सभा भरायची होती, तिच्या आदल्या दिवशी बिशप एव्रार यांनी मला बोलावलं. ते एर्मीनच्या बाजूचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तू खरं सांगतेस हे मला कळतं," ते म्हणाले. "पण उद्या ती राणी झाली आणि तू तिच्याशेजारी मऊ आसनावर बसलीस, तर आंसो म्हणेल, हे साक्षीचं इनाम."

"मला इनाम नको, महाराज."

"तुला ती हवी आहे. त्याहून मोठं इनाम कुठलं?"

"मी काय करावं म्हणता?"

"साक्ष दिलीस की त्याच दिवशी पॅरिस सोडायचं. भेट नाही, पत्र नाही, निरोप नाही. तशी शपथही इथेच, माझ्यासमोर घ्यायची."

"किती दिवस?"

"आंसो जिवंत आहे तोवर."

"तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि खाली बघू लागले.

"मग तिला सांगून तरी जाऊ द्या."

"बारा वर्षांची पोर ती. तुझ्यासाठी रडली, हट्ट धरून बसली, तर सगळं फुकट. मी सांगेन तिला, मोठी झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी संतांच्या अस्थींवर हात ठेवून मी साक्ष दिली. आंसोच्या वकिलाने मला दुपारपर्यंत उलटंसुलटं विचारलं. "दाराशी झोपायचीस म्हणतेस, मग झोपेत काय दिसलं?" सगळे हसले. मी म्हटलं, "साहेब, पोटुशी बाईला झोप लागत नाही, आणि त्या हिवाळ्यात मीही पोटुशी होते. ते लेकरू आठव्या दिवशी गेलं." मग कोणी हसलं नाही. संध्याकाळी सभेने एर्मीनच्या बाजूने कौल दिला. तोवर मी खेचराच्या गाडीत बसून शहराबाहेर पडले होते. सकाळी मी तिची वेणी घातली होती आणि ती म्हणाली होती, "दाई, तू लवकर ये हं."

लूआर नदीकाठच्या खेड्यात मला एक खोपट मिळालं. मी हंस पाळले, ताग कातला. शेजारची बेर्त चेष्टा करायची, "राजवाड्यातली ना गं तू? मग या हंसांना तरी जरा शिस्त लाव." मी हसायचे. राय धान्याचा काळा पाव आणि लीकच्या कांदापातीचं सूप मी एकटीने खायचे. पहिली काही वर्षं सूप दोघींपुरतं व्हायचं, हाताला सवय होती. राणीच्या बातम्या बाजारात मिळायच्या. रीम्सला राज्याभिषेक झाला. इंग्रजांशी तह झाला. लग्न झालं, दोन मुलगे झाले. लोक तिचं नाव घेऊन प्यायचे आणि मी हंस विकून घरी यायचे. बिशप एव्रार वारल्याचंही मला बाजारातच कळलं. त्यांनी तिला सांगितलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

मी पॅरिस सोडल्याच्या एकोणिसाव्या वर्षी आंसो तापाने गेला. मी हंस बेर्तच्या स्वाधीन केले आणि पॅरिसला गेले.

राणी गाऱ्हाणी ऐकायची त्या रांगेत मी उभी राहिले. माझी पाळी आली. उंच, कपाळावर आठी असलेली बाई समोर बसली होती. मी नाव सांगितलं. तिने सगळ्यांना बाहेर पाठवलं.

"तुम्ही," ती म्हणाली. ते 'तुम्ही' मला फार लागलं.

मी शपथेचं सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"बिशप काहीच बोलले नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला. मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी जेवले. मग कुणाची वाट बघायची नाही असं ठरवलं. राज्य करायला ते उपयोगी पडलं."

"तुला सांगायला हवं होतं मी."

"मी गप्प बसले असते."

"बारा वर्षांची होतीस गं."

"बसले असते, दाई."

तिने मला वाड्यात खोली दिली, शेगडी दिली, हाताखाली मोलकरीण दिली. मोलकरीण माझ्याशी बोलायला घाबरायची. राणी पहिल्या महिन्यात दोनदा आली. पहिल्यांदा आम्ही हवापाण्याचं बोललो. दुसऱ्यांदा दुपारी आली, खुर्चीत बसली आणि बोलता बोलता झोपली. तोंड थोडं उघडं, मान एका बाजूला. मी कातणं थांबवलं, चरखा वाजू नये म्हणून. दारावर कोणी टकटक केली, मी हातानेच परत पाठवलं. बराच वेळ ती तशी होती. जागी झाली तेव्हा ओशाळली, झगा सारखा केला आणि म्हणाली, "माफ करा, असं कधी होत नाही माझं."

"होऊ दे की," मी म्हटलं. पण ती निघून गेली आणि पुढे सहा आठवडे फिरकली नाही.

मी परत जायची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली, सोबत गाडी आणि दोन शिपाईही. राणी सज्जात आली आहे असं गाडीवाला म्हणाला. माझी नजर आता तेवढ्या लांबचं बघत नाही. तरी मी तिकडे तोंड करून हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत तसाच धरला.