एक्केचाळिसाव्या पानावरची फुली

सात प्रती, आणि त्यातल्या सहांवर फुली एकाच पानावर! लेखिकाबाईंनी तो गठ्ठा संपादकांच्या टेबलावर असा आपटला की त्यांच्या कपातला चहा बशीत आला.

"तुमच्या त्या कार्ट्यांना वाचता तरी येतं का?"

संपादकांनी बशीतला चहा शांतपणे परत कपात ओतला. या गृहस्थांची पद्धतच जगावेगळी. कुमारांसाठीची कादंबरी छापण्याआधी ते तिच्या सात प्रती काढून वाचनालयातल्या सात मुलांना द्यायचे. मत विचारायचं नाही, कारण मुलं तोंडदेखलं "छान आहे" म्हणून मोकळी होतात. वाचता वाचता पहिल्यांदा जिथे कंटाळून कागद खाली ठेवाल, तिथे पेन्सिलीने फुली मारायची. बस्स, एवढंच.

"बाई, चाळीस पानं पोरं मान वर न करता वाचतायत. एक्केचाळिसावं आलं की ठप्प. काढून टाका ते पान. शुक्रवारी पुस्तक छपाईला जातंय."

काढून टाका म्हणे! अहो, ते पान म्हणजे बाईंचा दादा होता. बाई बारा वर्षांच्या असताना पंधरा वर्षांचा दादा तापाने गेला. त्यानंतर मोठं होऊन बाईंनी आठ पुस्तकं लिहिली, आठही वेळा तो कुठल्या ना कुठल्या प्रकरणात डोकावला आणि आठही वेळा त्याला कात्री लागली. कधी "गोष्ट अडते," तर कधी "मुलांना जड जातं." या नवव्या वेळी बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, काही झालं तरी दादा पुस्तकात राहणार. त्या एका पानावर त्या तीन महिने घासत बसल्या होत्या. 'घरभर एक अथांग पोकळी पसरली' हे वाक्य सुचलं तेव्हा त्यांचं त्यांनाच रडू आलं होतं. आणि नेमक्या त्याच वाक्यापाशी सहा फुल्या!

"सातव्या प्रतीवर फुली नाहीये," बाई तावातावाने म्हणाल्या. "एकाला तरी कळलंय."

"एकीला. वाचनालयातच असेल आत्ता. जा, भेटा."

ती मुलगी दोन कपाटांच्या मधे जमिनीवर फतकल मारून, अंगठ्याचं नख कुरतडत वाचत बसली होती. बाई कशाबशा तिच्याशेजारी टेकल्या. दोन्ही गुडघे कटकन वाजले.

"माझं पुस्तक वाचलंस ना गं? त्यातलं दादाचं पान आवडलं?"

"ते होय!" मुलगी म्हणाली. "ते मी वाचलंच नाही, मावशी. दोन ओळी बघितल्या आणि पान उलटलं. खाली ठेवलं नाही ना, म्हणून फुली नाही मारली."

घ्या! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"का? वाचायला काय धाड भरली होती?"

पोरगी कसली घाबरतेय! "तिथे ती गोष्टीतली मुलगी एकदम काकूबाई होते. आधीच्या पानापर्यंत खोटं बोलते, भांडते, भावाचं पेन पळवते. आणि तो गेल्यावर काय, तर पोकळी! असं कोणाला वाटतं का?"

"मग काय वाटतं?"

"मला काय माहीत? खरंच कोणी होता का तो?"

"माझा दादा."

"अच्छा." मुलीने तोंडातलं बोट काढलं. "तुम्ही केवढ्या होतात तेव्हा?"

"बारा."

"म्हणजे माझ्याएवढ्या. मग तुम्हालाच माहीत असणार."

बाई घरी येईपर्यंत रस्ताभर पुटपुटत होत्या. एवढीशी चिमुरडी, आणि मला लिहायला शिकवतेय! आल्या आल्या त्या टेबलाशी बसल्या. खिडकीजवळचं ते टेबल दादाचंच. डाव्या कोपऱ्यात त्याने कर्कटकाने कोरलेलं वर्तुळ होतं. बाईंनी 'पोकळी' खोडली, मग 'नीरव शांतता' खोडली. चार कागद चुरगळून टोपलीत गेले. वैतागून त्यांनी पेन टाकलं आणि सवयीने अंगठा त्या वर्तुळावरून फिरवला. अंगठा तिथेच थांबला. इतक्या वर्षांत जे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, ते त्यांनी चार ओळींत लिहून काढलं. लाजेने कान तापले होते.

स्वयंपाकघरात आई मटार सोलत होती. बाई कागद घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि घाईघाईने वाचलं, "घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आईचा हात ओढला आणि विचारलं, आता खिडकीजवळचं टेबल माझं ना? कोणीच उत्तर दिलं नाही."

आईचे हात थांबले.

"तू ऐकलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"ऐकलं होतं की."

"मग रागावली का नाहीस?"

"रागावले होते. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं, मी रडतेय म्हणून." आईने पुढची शेंग उचलली. "तिसऱ्या दिवशी उठले, त्याच्या वह्या आवरल्या, टेबल पुसलं आणि तुझं दप्तर त्यावर नेऊन ठेवलं. ते नाही लिहिलंस?"

दप्तर बाईंना आठवत होतं. ते तिथे कोणी ठेवलं, हे मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या परत टेबलाशी जाऊन बसल्या आणि आधी 'कोणीच उत्तर दिलं नाही' ही ओळ खोडली.