चुकीचा ठरलेला तापमापक

मित्रांनो, ‘चुकीचा’ अशी चिठ्ठी डकवून कपाटात टाकलेला मी एक जुना तापमापक आहे. चिठ्ठीवर जाऊ नका, आधी माझं ऐकून घ्या.

एका काच कारागिराने मला फुंकून घडवलं, पोटात पारा भरला आणि मी समुद्राचं तापमान मोजणाऱ्या बोटीवर रुजू झालो. आमचा समुद्र जमिनीने वेढलेला, एका अरुंद तोंडाने बाहेरच्या महासागराला जोडलेला. दर वर्षी मला तारेला बांधून हजार मीटर खाली सोडत. तिथे मी कोलांटी मारायचो, की पाऱ्याची रेघ तुटून आकडा अडकून राहायचा. वर आल्यावर बोटीवरचे मोजणीदार काका तो भिंगातून वाचून पेन्सिलीने वहीत लिहीत. “हा पठ्ठ्या कधी थाप मारत नाही,” असं ते सगळ्यांना सांगत. मला छाती असती तर फुगली असती.

पहिल्या वर्षी खाली तेरा अंश होते. पुढच्या वीस वर्षांत पारा किंचित किंचित वर सरकत गेला. मग नवे साहेब आले. ते म्हणाले, “खोल पाणी कधी बदलतं का? हाच बिघडलाय. वही स्वच्छ करा.”

बर्फाच्या पाण्यात बुडवून मला तासाभरात तपासता आलं असतं. काकांना ते पक्कं ठाऊक होतं. पण निवृत्ती जवळ आली होती, त्यांना वाद नको होता. त्यांनी माझे आकडे खोडरबराने पुसले आणि सगळीकडे तेरा लिहिलं. चिठ्ठीही त्यांच्याच हातची. साहेबांचा मला राग नाही, त्यांनी मला कधी हातात धरलंच नव्हतं. काकांनी मात्र माझा केसाने गळा कापला.

परवा काकांची मुलगी त्यांना घेऊन आली. तीही आता समुद्रच मोजते. तिने मला ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात ठेवलं. पारा बरोबर शून्यावर थांबला.

“बाबा, हा तर ठणठणीत आहे! याचे मूळ आकडे कुठे आहेत?”

“पुसले मी.”

“सगळे?”

काकांनी मान खाली घातली. “पुन्हा मोजता येईल ना गं?”

“आजचं पाणी मोजता येईल. तेव्हाचं कुठून आणू?”

मित्रांनो, वस्तूची काळजी घेणं म्हणजे नुसती धूळ झटकणं नव्हे. तिचं म्हणणं पटलं नाही तर तिला तपासा, पण तिने सांगितलेलं खोडू नका. तो समुद्र वीस वर्षं आपलं दुखणं मला सांगत होता. माझ्यात एका वेळी एकच आकडा राहतो. बाकीचे सगळे मी काकांच्या भरवशावर सोडले होते.